पायरीवर सांडलेले विंग्ज

चिक्टोवागा,
१४ मार्च

प्रिय गॅरेट,

पाकिटावरचं नाव तू दोनदा वाचलं असशील. हो, मीच. बर्नाडेट चर्चमधल्या बायकांबरोबर उपासाच्या शुक्रवारांसाठी बटाट्याचं सारण घालून पिएरोगी भरायला गेली आहे. एकदा त्या बायकांत बसली की ती चार तास काही हलत नाही, त्यामुळे स्वयंपाकघरातलं टेबल आज माझं आहे. पत्र लिहायची मला सवय नाही. एकतीस वर्षं गावाचा बर्फ उपसायचा ट्रक चालवला, आणि त्या काळात जी काही पत्रं लिहिली ती ब्रेक दुरुस्त करा म्हणून वरच्या साहेबांना. एकाचंही उत्तर आलं नाही. तूही दिलं नाहीस तर मला नवल वाटणार नाही. पण शेवटपर्यंत वाच, एवढं कर. फोन करता आला असता, पण फोनवर समोरचा गप्प झाला की मला राहवत नाही, काहीतरी टवाळकी करून मी सुटका करून घेतो. समोर उभा राहिलो असतो तरी तेच केलं असतं. कागदाला हसवून काही उपयोग नसतो.

कॉनी तुझ्याबरोबर आमच्या घरातून निघून गेली त्याला चौदा महिने झाले. लुइसा पाच महिन्यांची झाली आणि तिच्या आजोबाने तिला पाहिली ती फोटोत. दर दुसऱ्या शनिवारी बर्नाडेटला गाडीत घालून मी सव्वा तास रॉचेस्टरला येतो, तुमच्या इमारतीखाली गाडी लावतो आणि ती वर नातीला खेळवून येईपर्यंत रेडिओ ऐकत बसतो. कॉनीची अट आहे ना. "बाबांनी आधी गॅरेटशी बोलायचं, मग जिना चढायचा." त्यात तिचं काय चुकलं? पोरगी माझीच, हट्टही माझाच घेतलाय. फेब्रुवारीत एकदा तू खाली आलास, अंगात कोट नव्हता आणि हातात कॉफीचा मग. मी काच दोन बोटं खाली केली आणि म्हणालो, "झालीय माझी." झाली नव्हती. सकाळपासून पोटात काही नव्हतं. तू मग घेऊन परत गेलास आणि मी आरशात बघितलं तर माझे कान लाल झाले होते.

कॉनीला वाटतं, बाबांना एका वाक्याची माफी मागायची आहे आणि तेवढंही त्यांच्याने होत नाही. नुसतं ते वाक्य असतं तर, गॅरेट, मी नाक घासत पहिल्याच आठवड्यात आलो असतो. त्या वाक्याच्या खाली आणखी काहीतरी पुरून ठेवलंय. ते कॉनीला माहीत नाही, बर्नाडेटलाही नाही. तुला माहीत आहे. आणि मलाही ते कळलंय, हे मी तुला आजवर सांगितलेलं नाही. आज तेच सांगायचं आहे, तेव्हा पहिल्यापासून सांगतो.

आमच्याकडे विंग्जचं, कोंबडीच्या या तळलेल्या पंखांचं, काय प्रस्थ आहे ते तुला लग्नाआधीच कळलं होतं. पहिल्यांदा आलास तेव्हा विंग्ज बुडवायला ब्लू चीजऐवजी रँच सॉस मागितलास, आणि माझ्या धाकट्या भावाने, झिगीने, तुला शिक्षा म्हणून दाराबाहेर जाऊन पुन्हा आत यायला लावलं. तू हसत गेलास आणि हसत आलास. बाहेरचे विंग्ज आम्हीही खातो, पण आपल्या संघाचा सामना असला की विंग्ज घरी, गॅरेजात, आणि ते मी करायचे, ही घराची रीत. सांधा कापून दोन तुकडे करायचे, टोकं सूपासाठी बाजूला काढायची, एकेक तुकडा कोरड्या फडक्याने पुसायचा आणि पिठाचं नावही काढायचं नाही. आधी मंद आचेवर तळायचे, गार होऊ द्यायचे, मग कडकडीत तेलात पुन्हा सोडायचे. लोणी आणि तिखट सॉस निम्मे निम्मे, थोडा लसूण, व्हिनेगरचा एक शिंतोडा, आणि झाकणाच्या बादलीत घालून खळखळून हलवायचे. लोक प्रमाण विचारायचे तेव्हा मी म्हणायचो, "प्रमाण नाकात असतं." ते खोटं नव्हतं. सॉस उतरवायची वेळ झाली की लोण्याचा वास बदलतो. तो ज्याला कळला त्याला जमलं. या एका गोष्टीवर मी आयुष्यभर मिजास केली. ट्रक कोणीही चालवतो हे मला पक्कं ठाऊक होतं.

गेल्या वर्षीच्या त्या जानेवारीत रविवारच्या सामन्यासाठी मी गुरुवारीच चाळीस पौंड कच्च्या विंग्जचं खोकं आणलं. फ्रीज बर्नाडेटच्या डब्यांनी भरलेला, म्हणून खोकं गॅरेजात ठेवलं. तुला हे विचित्र वाटायचं, पण नोव्हेंबर ते मार्च इथे गॅरेज हाच फ्रीज. बिअर तिथे, सूपाचं पातेलं तिथे, नाताळचं हॅमसुद्धा तिथेच. माझ्या बापाच्या काळापासून कधी काही बिघडलं नाही. त्या आठवड्यात मात्र शुक्रवारी ऊन पडलं आणि शनिवारी पन्हाळी वाहायला लागल्या. जानेवारीत अशी दोन दिवसांची उघडीप येतेच. मी बाह्या वर करून अंगणात उभा राहिलो आणि शेजाऱ्याला म्हणालो, "चला, खुर्च्या काढा बाहेर." खोक्याची आठवणसुद्धा झाली नाही. ज्या भिंतीला ते टेकवलं होतं तिच्यामागे घर गरम करायची भट्टी आहे, हेही डोक्यात आलं नाही. शनिवारी संध्याकाळी पुन्हा गारठा पडला. रविवारी सकाळी खोक्याला हात लावला तर गारढोण. तुकडे पुसताना जरा बुळबुळीत लागले, पण मी म्हटलं, बर्फ वितळत असेल.

घरात पंधरा माणसं होती, झिगीची दोन वर्षांची नातसुद्धा. सगळे टीव्हीसमोर, आणि मी गॅरेजात कढईपाशी. पहिले चाळीस विंग्ज तळून ट्रेवर काढले तेव्हा तू मदतीला आलास. दार उघडं होतं, वारा होता. तू उरलेल्या खोक्यावर वाकलास आणि विचारलंस, "लेन, हे कधी आणलंत?" मी म्हणालो, "ताजं आहे. का?" तू म्हणालास, "नाही, मला जरा वाटलं की..." आणि मी तुला पुढे बोलूच दिलं नाही. "तुमच्या नेब्रास्कात कोंबड्या जास्त असतील जावईबापू, पण त्यांचं काय करायचं ते इथे ठरतं." असं काहीतरी मी म्हणालो, आणि स्वतःच्याच विनोदावर हसलो. तू ट्रेमधला एक तुकडा उचललास, तोंडाजवळ नेलास आणि न खाता परत ठेवलास. मला वाटलं, पोरगा तिखटाला भ्यायला. मग तू ट्रे उचललास आणि वर सॉसची बादलीही ठेवलीस. मी म्हणालो, "दोन खेपा कर." तू म्हणालास, "होईल एकात."

गॅरेजातून अंगणात उतरायच्या पायरीवर कोणी घसरू नये म्हणून सकाळी मी स्वतः मीठ आणि वाळू टाकली होती, तरी तू तिथेच पडलास. ट्रे, बादली, विंग्ज, सगळं अंगणातल्या चिखलात. तिखट सॉसची शेवटची बाटली मी त्याच बादलीत रिकामी केली होती. तेव्हा सॉस गेला म्हणजे विंग्जही गेले, पुढचे तळून खाणार कशाबरोबर? मी कढईखालचा गॅस बंद केला. कढत लोणी तुझ्या मनगटावर सांडलं होतं आणि तू हूं की चूं केलं नाहीस. आवाज ऐकून झिगी दारात आला. "काय रे, तुमच्या गावाला बर्फ पडत नाही का?" तू उठत म्हणालास, "पडतो, पण आमचा जरा माणसाळलेला असतो." सगळे हसले. मी हसलो नाही. सामन्याच्या दिवशी माझ्या घरात पिझ्झा मागवावा लागला, आणि मी आतल्या आत खदखदत राहिलो.

आणि मग टेबलावर बर्नाडेट तुझ्या मनगटाला बर्फ लावत असताना मी बोललो. ते वाक्य पुन्हा लिहायला हात धजत नाही, पण बोलताना जीभ धजली होती, तेव्हा लिहिलंच पाहिजे. "राहू दे गं, त्याच्या हातात काही टिकतच नाही. आधी बायको निसटली, आता माझे विंग्ज." तुझ्या पहिल्या लग्नाचं कॉनीखेरीज घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. मला तू सांगितलं होतंस ते तळ्याच्या बर्फावर, भोकात गळ टाकून बसलो होतो तेव्हा, मी न विचारता, विश्वासाने. तो विश्वास मी पंधरा माणसांसमोर पिझ्झ्याबरोबर वाढला. झिगी एकटा हसला. कॉनी उठून कोट घालायला लागली. तू माझ्याकडे बघितलंस. रागाने नाही, नुसतं बघितलंस. एक वाक्य बोलला असतास तर त्याच टेबलावर माझं नाक कापलं गेलं असतं. तू बर्नाडेटला थँक्यू म्हणालास, आणि गेलास.

मंगळवारी बर्नाडेट बटाटे आणायला गॅरेजात गेली आणि बाही तोंडाला लावून धावत आली. "लेन, तिथे काय मेलंय?" मी तिला वेड्यात काढलं. आदल्या दिवशी तीन तास मी तिथेच, त्या खोक्याला पाठ लावून कढई घासत बसलो होतो. पण गेलो. खोकं भिंतीपासून ओढलं, वरचा थर बाजूला केला. खालचे तुकडे हिरवट पडले होते. हे दोन दिवसांत होत नाही, गॅरेट. मी त्या पायरीवर बसलो, आणि बुटाखाली माझीच वाळू करकरली. तेव्हा सगळं उलगडलं. तू काय हुंगलं होतंस, बादलीसुद्धा ट्रेवर का ठेवलीस, आणि तू कसा पडलास. घसरलेला माणूस हात पसरतो, काहीतरी धरायला बघतो. तू गुडघा टेकलास आणि ट्रे पालथा केलास. पंधरा माणसांना मी नासलेलं मांस वाढणार होतो, त्या लहान पोरीलासुद्धा. ते तू थांबवलंस, आणि तेही असं की हसं तुझं झालं, माझं नाही. बर्नाडेटला मी सांगितलं की रविवारपासून खोकं उघडं राहिलं म्हणून नासलं. दोन पिशव्यांत बांधून फेकून आलो. वरून तिलाच म्हणालो, "त्या गॅरेटने गोंधळ घातला नसता तर हे वाया गेलं नसतं." हे मी खरंच म्हणालो.

तू म्हणशील, तुमच्या नाकाला काय झालं होतं? त्याच्या आदल्या फेब्रुवारीत मी गॅरेजच्या छतावर चढलो होतो, साचलेला बर्फ ढकलायला. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मी बर्नाडेटला शब्द दिला होता की पुन्हा शिडीला हात लावणार नाही. ती दुकानात गेल्याबरोबर शिडी लावली, आणि डोक्याच्या मागच्या बाजूवर पडलो. थोडा वेळ तिथेच पडून होतो. मग शिडी जागेवर ठेवली, टोपी घातली, ती आली तेव्हा टीव्ही बघत होतो. आठवड्याभराने लक्षात आलं की कॉफीला वास नाही. साबणाला नाही, गाडीच्या धुराला नाही. जिभेला खारट कळतं, आंबट कळतं, तिखटाने डोळ्यांत पाणीही येतं, पण लोणी आणि मेण यांत मला आज फरक सांगता येणार नाही. डॉक्टरकडे गेलो असतो तर पडलो कसा ते सांगावं लागलं असतं. म्हटलं, येईल परत. नाही आला. मी घड्याळ लावून विंग्ज तळायला लागलो, आणि मोसमभर कोणाला काही कळलं नाही. झिगी बोटं चाटत म्हणायचा, "भावड्या, यंदा तर हद्द केलीस." मग मी कशाला सांगतो? ज्याची सगळी मिजास नाकावर, त्याला नाकच नाही हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

तर मंगळवारपासून मला सगळं ठाऊक आहे. तू गेल्यावर झिगीने तुला नाव ठेवलं, 'घसरगुंडी'. थँक्सगिव्हिंगला त्याने टर्कीचं ताट हातात घेऊन तुझी नक्कल केली, लटपटत, डोळे फिरवत. सगळे हसले. गॅरेट, मीही हसलो. हसताना मी बर्नाडेटकडे बघत नव्हतो, कारण ती हसत नव्हती. त्या दिवसापासून मला आरशासमोर दाढी करायची लाज वाटते. ही नुसती म्हणायची गोष्ट नाही, खरंच, मी आता न्हाणीघरात दिवा न लावता दाढी करतो आणि गालावर कापून घेतो. कबुलीला गेलो तेव्हा पाद्रींना सांगितलं. वाटलं, दहा प्रार्थना देतील आणि सुटका होईल. ते म्हणाले, "लेन, त्या पायरीवर मी पडलो नव्हतो. मला सांगून काय होणार?" म्हातारा इतका सरळ बोलेल असं वाटलं नव्हतं. नाकाचं मी बर्नाडेटला परवा सांगून टाकलं, शिडीसकट. ती भांडी पुसत होती. म्हणाली, "गेल्या उन्हाळ्यात तू आंबलेलं दूध ग्लासभर प्यायलास, तेव्हाच कळलं मला. तू कधी सांगतोस ते बघत होते." तेव्हापासून ती दुधाची बाटली माझ्याआधी हुंगून ठेवत होती. तुझं आणि ट्रेचं मात्र तिला अजून सांगितलेलं नाही. ते आधी तुला सांगायला हवं होतं. माझं चुकलं, गॅरेट. त्या वाक्यात चुकलं, आणि मंगळवारनंतर जो एकेक दिवस गप्प राहिलो त्या प्रत्येक दिवशी चुकलं. मला माफ कर असं म्हणतो, पण घाई नाही.

आता हे आजच का लिहितोय ते. बुधवारी फोन वाजला आणि कॉनी होती. चौदा महिन्यांत पहिल्यांदा तिने आईला न मागता मला मागितलं. म्हणाली, लुइसाचा बाप्तिस्मा ईस्टरनंतरच्या रविवारी आपल्याच चर्चमध्ये करायचा, मग खाली हॉलमध्ये जेवण, सत्तर माणसं. "गॅरेट म्हणतो, विंग्ज बाबांचेच हवेत. कराल ना?" मी हो म्हणालो, आणि फोन ठेवल्यावर मला घाम फुटला. घड्याळ लावून, खोक्यावरची तारीख बघून मी कसंबसं निभावून नेलं असतं. काही बिघडलं असतं तर तू पुन्हा काहीतरी सांडलं असतंस आणि पुन्हा गप्प बसला असतास. याची मला खात्री आहे, आणि याचीच मला सगळ्यात जास्त लाज वाटली. म्हणून आता असं कर. हे पत्र कॉनीला वाचायला दे. बाप्तिस्म्याच्या आदल्या शनिवारी, सकाळी अकराला, गॅरेजात ये. झिगीला मी बोलावलं आहे, बर्नाडेट असेलच. कढईखालचा गॅस पेटवायच्या आधी मी त्या दोघांना सांगणार आहे की त्या दिवशी पायरीवर कोणी घसरलं नव्हतं. मग खोकी तुझ्यासमोर उघडीन. मांस चांगलं आहे की नाही ते तू सांगायचं, सॉस कधी उतरवायचा तेही तूच सांगायचं. मी नुसते हात चालवीन. यावंसं वाटलं नाही तर मी कॉनीला फोन करून सांगेन की माझ्याच्याने होणार नाही, आणि का होणार नाही तेही सांगेन. पण आलास, आणि वास वाईट निघाला, तर सगळ्यांसमोर तोंडाने सांग. या वेळी माझ्यासाठी पडू नकोस.

तुझाच, तुला चालत असेल तर,
लेन